बीएसडब्ल्यू / एमएसडब्ल्यूला नंबर नाही लागला, आता पुढं काय करायचं

समाजकार्याच्या पदवीची (बीएसडब्ल्यू) किंवा पदव्युत्तर पदवीची (एमएसडब्ल्यू) प्रवेशाची लिस्ट लागली, नाव नाही. पहिले दोन दिवस काहीच करू नका असं मी सांगते, रडा, झोपा, मैत्रिणीशी बोला, पण तिसऱ्या दिवशी कागद-पेन घेऊन बसा कारण या महिन्यात काही दारं अजून उघडी असतात आणि ती आठ-पंधरा दिवसांत बंद होतात. मी एमएसडब्ल्यू करून संस्थेत काम करते, फील्डवर्कला येणाऱ्या मुलामुलींची सुपरवायझर म्हणूनही बसते, आणि दरवर्षी जून-जुलैमध्ये कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच की ताई टीसला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) नाही झालं, निर्मला निकेतनला नाही झालं, आता बीएड करू का एमपीएससी करू. तर हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी हे शोधा की तुम्ही नक्की कुठल्या टप्प्यावर थांबलात. "रिजेक्ट झालो" एवढंच म्हणून भागत नाही. कागदपत्रात अडकलात, एंट्रन्सच्या मार्कांत अडकलात, इंटरव्ह्यूत अडकलात, की वेटिंगला राहून जागा संपल्या, या चारही गोष्टींचे उपाय वेगळे आहेत. बहुतेक जण यातलं काही न बघता सरळ क्लास लावतात, आणि अडचण इंटरव्ह्यूची असेल तर क्लासने काही फरक पडत नाही.

कागदपत्राचं आधी सांगते कारण यात आपल्या मराठी मुलांचं फार नुकसान होतं. टीस, दिल्ली विद्यापीठ अशा ठिकाणी केंद्राचं आरक्षण चालतं, राज्याचं नाही. म्हणजे व्हीजेएनटी, एसबीसी असा वेगळा कोटा तिथं नसतो, तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसीतून फॉर्म भरायचा आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेयर लागतं, आपलं सेतूतून नेहमी मिळतं ते राज्याच्या नमुन्यातलं तिथं चालत नाही. ईडब्ल्यूएसचंही तसंच, चालू आर्थिक वर्षाचं आणि केंद्राच्या नमुन्यात पाहिजे. एसईबीसीचा (मराठा आरक्षणाचा) दाखला तर केंद्रीय संस्थेत लागूच होत नाही. हे कोणी आधी सांगत नाही, मग मुलगी ओपनमध्ये ढकलली जाते आणि थोडक्यात राहते. तुमच्या बाबतीत हे झालं असेल तर तुम्ही कमी पडला नाहीत, फक्त दाखला चुकीच्या नमुन्यात होता, आणि पुढच्या वर्षासाठी तो आताच काढायला टाका.

एंट्रन्सचं म्हणाल तर टीसचं पीजी आता सीयूईटी-पीजीवर (केंद्रीय विद्यापीठांची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) आहे, दिल्ली विद्यापीठाचंही. बरोबर उत्तराला 4 मार्क आणि चुकलं तर 1 वजा. आपला स्कोअर काढा आणि बघा की चुकीच्या उत्तरांनी किती खाल्ले. पुष्कळ मुलांना ज्ञान असतं पण अंदाजपंचे उत्तरं देऊन स्कोअर खाली आणलेला असतो, आणि इंग्रजी वाचायचा वेग कमी पडतो. वेगाला उपाय एकच, रोज एक इंग्रजी पेपरातला लेख पूर्ण वाचायचा, वर्षभर. दुसरी गोष्ट, सीयूईटीत पेपर कोड निवडायचा असतो आणि प्रत्येक विद्यापीठ आपल्या कोर्सला कुठला कोड चालेल ते आपापल्या माहितीपत्रकात देतं, ते न बघता फॉर्म भरला तर चांगले मार्क पडूनही अर्ज बाद.

आता या महिन्यातलं काम. वेटिंग लिस्टला नाव असेल तर रोज मेल बघा, स्पॅम फोल्डरसुद्धा, कारण सीट सोडली गेली की पुढच्याला एक-दोन दिवसांचीच मुदत देतात आणि पैसे भरले नाहीत की खाली सरकतात. कॉलेज जवळ असेल तर फोनवर भागवू नका, स्वतः ऑफिसात जा आणि विचारा की स्पॉट राउंड कधी आहे, कुठल्या प्रवर्गातल्या जागा भरल्या नाहीत. बरीच मुलं मोठ्या ठिकाणी नंबर लागला की इकडची सीट सोडतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात हालचाल होते.

आणि नकाशा जरा मोठा करा. टीस म्हणजे देवनारच असं नाही, तुळजापूरला आणि गुवाहाटीलाही कॅम्पस आहे. मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही नावं सगळ्यांना माहीत असतात म्हणून तिथं गर्दी. पण नागपूरला मातृ सेवा संघाचं आणि तिरपुडे कॉलेज आहे, अहिल्यानगरला सीएसआरडी, साताऱ्याजवळ जकातवाडीला यशवंतराव चव्हाण, कोल्हापुरात सायबर, सोलापुरात वालचंद, नाशिकला मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक), यवतमाळला सावित्री ज्योतिराव. बाहेर जायची तयारी असेल तर बडोद्याचं एमएस विद्यापीठ, दिल्लीत जामिया, चेन्नईत मद्रास स्कूल ऑफ सोशल वर्क. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात सोशल वर्क नावाने नसलं तरी एमए डेव्हलपमेंट आहे, त्यांची परीक्षा वेगळी असते आणि घरची परिस्थिती बघून फीमध्ये मदत करतात, म्हणून पैशासाठी तिथला अर्ज सोडून देऊ नका.

लहान गावातलं कॉलेज कमी दर्जाचं असं मी अजिबात मानत नाही. या शिक्षणाचा अर्धा जीव फील्डवर्कात आहे, आणि यवतमाळच्या किंवा धाराशिवच्या मुलाला जे फील्ड मिळतं ते मुंबईच्या मुलाला शिबिरापुरतं दिसतं. पण कॉलेज निवडताना एक काम कराच. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला किंवा मुलीला गाठा आणि तीन प्रश्न विचारा: आठवड्यात फील्डवर्कचे दिवस खरंच होतात का, की रिपोर्ट घरी बसून लिहितात? एजन्सी कुठल्या कुठल्या आहेत? आणि सुपरवायझर आयसी घेतात का? आयसी म्हणजे तुमचा रिपोर्ट समोर ठेवून सर किंवा मॅडम तुमच्याशी एकट्याशी बसून बोलतात, तू त्या बाईला असं का विचारलंस, ती गप्प झाली तेव्हा तू काय केलंस. हे जिथं दर आठवड्याला होतं ते कॉलेज चांगलं, मग इमारत कशीही असो. जिथं आयसीचं रजिस्टर वर्षाच्या शेवटी एका दिवसात सह्या करून भरतात तिथं दोन वर्षं घालवू नका. फीबद्दल पण आधीच विचारा, अनुदानित आणि विनाअनुदानितमध्ये फार फरक असतो, आणि या कोर्सला महाडीबीटीची शिष्यवृत्ती लागू आहे का हे पैसे भरायच्या आधी विचारा, नंतर नाही. एजंट लोक "घरबसल्या एमएसडब्ल्यू, फील्डवर्क नको" म्हणून फोन करतात त्यांना सरळ नाही म्हणा. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का आणि डिस्टन्स असेल तर त्या कोर्सला डीईबीची (यूजीसीचा दूरशिक्षण विभाग) मान्यता आहे का, हे यूजीसीच्या साइटवर बघता येतं.

डिस्टन्सवरून आठवलं, इग्नू, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यापीठ. त्यांचं बीएसडब्ल्यू आहे, एमएसडब्ल्यू आहे, कुठल्याही शाखेची पदवी असली की एमएसडब्ल्यूला बसता येतं, एंट्रन्स नाही, जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा प्रवेश असतो म्हणजे आता हुकलं तरी सहा महिन्यांनी परत संधी. ज्यांना घर चालवायचंय, नोकरी सोडता येत नाही, किंवा मुलं लहान आहेत त्यांना मी हेच सुचवते. पण इथंही फील्डवर्क सक्तीचं आहे आणि ते तुम्हाला स्वतः उभं करावं लागतं, एजन्सी शोधा, सुपरवायझर शोधा, जर्नल भरा. ज्याला कोणी मागं लागल्याशिवाय अभ्यास होत नाही त्याचं इग्नू वर्षानुवर्षं रखडतं, तेव्हा स्वतःचा स्वभाव बघून ठरवा. आणि ज्या पदासाठी पुढं अर्ज करायचाय त्याची जुनी जाहिरात काढून पात्रता काय लिहिलीय ते वाचा.

आता समजा यावर्षी कुठंच झालं नाही. मग गॅपचं वर्ष. मला याबद्दलच मनापासून बोलायचं आहे.

हे वर्ष खोलीत बसून गाइड वाचण्यात घालवू नका. इंटरव्ह्यू पॅनेलला सोशल वर्कची व्याख्या पाठ असलेला उमेदवार नको असतो, ती ते दोन महिन्यांत शिकवतात. त्यांना बघायचं असतं की या पोराने माणसांसोबत, त्रासाच्या जागी, कंटाळा येईपर्यंत काम केलंय का आणि तरी याला परत तिथं जायचंय का. "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे, गरिबांना मदत करायची आहे" हे वाक्य समोरची प्रत्येक मुलगी बोलते. त्याने तुम्ही कोण ते कळत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की तुमच्याच वस्तीतला, गल्लीतला एक माणूस घ्या आणि त्याचं एक काम शेवटपर्यंत न्या. उदाहरण देते. शेजारच्या एखाद्या विधवा मावशींचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. ऐकायला सोपं आहे. करायला गेलात की कळतं. उत्पन्नाचा दाखला 21,000 रुपयांच्या आतला पाहिजे, त्यासाठी तलाठ्याकडं जायचं, तलाठी त्या दिवशी दुसऱ्या गावाला. मग रहिवासाचा पुरावा, मावशींच्या आधारवर माहेरचं आडनाव आणि रेशनकार्डावर सासरचं. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला काढलेलाच नाही, कारण तो गेला दुसऱ्या जिल्ह्यात कामावर असताना. बँकेत खातं आहे पण व्यवहार नसल्यामुळं बंद पडलंय. सेतूतला मुलगा म्हणतो सर्व्हर डाऊन आहे, उद्या या, आणि उद्या येणं म्हणजे मावशींची अख्ख्या दिवसाची मजुरी. तुम्ही प्रत्येक खिडकीवर त्यांच्यासोबत उभे राहा, त्यांच्याऐवजी नाही, बोलायचं त्यांनीच, तुम्ही बाजूला. संध्याकाळी घरी येऊन वहीत लिहा: आज कुठं गेलो, कोण काय म्हणालं, मावशी कुठं घाबरल्या, कुठं स्वतः बोलल्या, माझी चिडचिड कुठं झाली, उद्या काय. त्यांचं खरं नाव वहीत लिहू नका, नुसतं "म. मावशी" लिहा, गोपनीयता पाळायची सवय इथूनच लागते.

असा एक अर्ज मंजूर झाला किंवा नामंजूर झाला, दोन्ही चालेल, तुमच्याकडं सांगायला काहीतरी खरं असतं. मग पॅनेलने विचारलं की सोशल वर्कच का, तर तुम्ही म्हणू शकता की योजना कागदावर होती, मावशी पात्र होत्या, तरी मधे एवढ्या पायऱ्या होत्या की एकट्या त्या पोचल्याच नसत्या, आणि मला हे शिकायचंय की एकेका मावशीला हात धरून न्यायचं की अख्ख्या वस्तीने मिळून तहसीलला बोलायचं, कधी काय. या उत्तरात केसवर्क (एकेका माणसासोबतचं काम) पण आलं आणि कम्युनिटी ऑर्गनायझेशन (वस्तीला एकत्र आणायचं काम) पण आलं, शब्द न वापरता. सुपरवायझर म्हणून सांगते, असं बोलणारी मुलगी समोर आली की आपण पुढं झुकून ऐकतो.

पगाराचं काम मिळालं तर फारच चांगलं, आणि ते मिळतं. ग्रॅज्युएट असाल तर टीच फॉर इंडिया आणि गांधी फेलोशिप या दोन-दोन वर्षांच्या आहेत, एसबीआय यूथ फॉर इंडिया 13 महिन्यांची, मानधन मिळतं आणि प्रत्यक्ष गावात किंवा शाळेत राहून काम असतं. पण दोन वर्षांची घेतलीत तर मधेच सोडून एमएसडब्ल्यूला पळायचं असं करू नका, ते त्या वर्गातल्या मुलांवर अन्याय आहे. एचआयव्हीच्या टीआय प्रकल्पांत (जास्त धोका असलेल्या गटांसोबतचं प्रतिबंधाचं काम) लोकांपर्यंत जाणारे आउटरीच वर्कर लागतात, शिक्षणावर काम करणाऱ्या संस्थांना वस्तीत फिरणारी माणसं लागतात, जिल्ह्याच्या ठिकाणी पाच-सहा संस्था तरी असतातच, बायोडेटा मेलवर टाकून वाट बघू नका, जाऊन भेटा. पगार थोडा असतो हे खरं आहे, ते लपवून उपयोग नाही. पण अपॉइंटमेंट लेटर हातात असलं की घरी बोलणं सोपं जातं, विशेषतः मुलींना. "वर्ष वाया चाललंय, स्थळं बघूया" हे बहुतेक घरांत सुरू होतं, आणि रोज सकाळी कामाला जाणारी, महिन्याला थोडे का होईना पैसे आणणारी मुलगी वर्षभराची मुदत मागू शकते. हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

कमी दिवसांचं पण खोल असं काही हवं असेल तर गडचिरोलीच्या सर्चचा निर्माण हा तरुणांसाठीचा उपक्रम बघा, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या शोधग्रामला शिबिरं होतात, निवड प्रक्रिया असते. आनंदवनवाल्यांचं सोमनाथचं श्रमसंस्कार शिबिर मे महिन्यात असतं, उन्हात फावडं मारायचं आणि संध्याकाळी चर्चा. राज्यभरातली सारख्या विचाराची पोरं तिथं भेटतात, आणि नापास झाल्यासारखं एकटं वाटत असतं ते कमी होतं.

बारावीनंतर बीएसडब्ल्यू हुकलेल्यांनी जास्त घाबरू नका. बीए, बीकॉम, बीएस्सी काहीही करा, एमएसडब्ल्यूला कुठलीही पदवी चालते. कॉलेजात गेल्या गेल्या एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजना) नाव घाला, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं, पण प्रमाणपत्रासाठी नुसतं झाडं लावून फोटो काढण्यापेक्षा शिबिराच्या गावात संध्याकाळी घरोघरी जाऊन बसा. आपल्या गावच्या ग्रामसभेला जा, बहुतेक ठिकाणी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरला असते. बायका कुठं बसतात, कोण बोलतं, कोरम नसताना सह्या कशा होतात, मागासवर्गीय वस्तीचा विषय कितव्या नंबरला येतो, हे नुसतं बघून लिहून ठेवा. तीन वर्षांत केवढी शिदोरी होते.

इंटरव्ह्यू आणि जीडीची (गटचर्चा) तयारी या कामातूनच करायची. तुम्ही जिथं काम करताय त्याच्याशी जोडलेला एक कायदा पूर्ण वाचा, सगळे कायदे वरवर नकोत. बायकांसोबत असाल तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा, मुलांसोबत असाल तर 2015 चा बाल न्याय आणि 2012 चा पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा), आदिवासी भागात असाल तर 2006 चा वनहक्क. जीडीसाठी आपल्या राज्यातला एक वादाचा विषय दोन्ही बाजूंनी मांडून बघा. दारूबंदी घ्या. गडचिरोलीत 1993 पासून आहे, चंद्रपुरात 2015 ला लागली आणि 2021 ला उठली. बायकांनी मोर्चे का काढले, उठवणाऱ्यांचं म्हणणं काय होतं, बेकायदा दारूचं काय झालं, तुमच्या गावात काय दिसतं. जीडीत ओरडून बोलणारा निवडला जात नाही, गप्प बसलेल्या मुलीला "तुला काय वाटतं" विचारणारा लक्षात राहतो. इंग्रजीची धास्ती असेल तर राज्यातल्या बहुतेक कॉलेजांत मराठीतून बोलायला कोणी अडवत नाही, इतर ठिकाणी सुरुवातीलाच नम्रपणे विचारा की मधे मराठी किंवा हिंदी वापरलं तर चालेल का.

आणि यावर्षीच्या पॅनेलला मेल करून फीडबॅक मागायला लाजू नका. बऱ्याचदा उत्तर येत नाही, पण कधीकधी एखादे सर दोन ओळी लिहितात आणि त्या दोन ओळी वर्षभराच्या क्लासपेक्षा उपयोगी पडतात. मेलमध्ये निवड का झाली नाही असा जाब विचारू नका, मी काय सुधारू एवढंच विचारा.

दुसऱ्या वाटा पण आहेत आणि त्या कमीपणाच्या नाहीत. बायका-मुलांचे हक्क यात जीव रमत असेल तर तीन वर्षांची एलएलबी करा, वस्तीत काम करणारे वकील फार कमी आहेत. आरोग्यात रस असेल तर एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी). समाजशास्त्र, स्त्री अभ्यास, समुपदेशनासाठी मानसशास्त्र. फक्त एवढं लक्षात ठेवा की काही पदांना सोशल वर्कचीच पदवी लागते. सायकिअॅट्रिक सोशल वर्कर (मानसिक आजाराच्या पेशंटसोबत काम करणारा) व्हायचं असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे सोशल वर्कमधली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर एमफिल हवं. सरकारी दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकाच्या जागेलाही तसंच, सोशल वर्कची पदवी मागतात. असं काही डोक्यात असेल तर वाट बदलू नका, परत अर्ज करा. आणि वर्षभर फील्डमध्ये काम करून तुम्हाला मनापासून वाटलं की हे आपल्याला झेपत नाही, दुसऱ्याचं दुःख घरी घेऊन येतोय, झोप लागत नाही, तर तेही दोन वर्षं आणि फी घालवायच्या आधी कळलं हे बरंच. झोप, भूक फारच बिघडली असेल किंवा जगण्याचाच कंटाळा आला असेल तर टेलिमानसचा 14416 नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं, लावा.

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आताच मोबाइलमध्ये टाका. सीयूईटी-पीजीचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत भरायचे असतात आणि परीक्षा मार्चमध्ये, तेव्हा दिवाळीनंतर लगेच अभ्यासाला बसा. राज्यातल्या कॉलेजांच्या जाहिराती निकालाच्या आसपास, मे ते जुलै, प्रत्येकाची तारीख वेगळी, म्हणून मे लागला की दर सोमवारी साइट बघायच्या. जातवैधता नसेल तर अर्ज आजच, त्याला महिने लागतात. गॅपचं अफिडेव्हिट करून ठेवा, बऱ्याच ठिकाणी मागतात. आणि ज्या संस्थेत वर्षभर काम केलं तिथल्या ताईंकडून किंवा दादांकडून अनुभवाचं पत्र घ्याल तेव्हा त्यांना सांगा की "मेहनती व प्रामाणिक आहे" असं छापील नको, तुम्ही नक्की कुठल्या वस्तीत काय केलं ते चार ओळींत लिहून द्या.